कापून न पाहता : ग्रहांच्या पोटाचे नमुने करताना ठेवलेल्या नोंदी

आमची जिल्हा परिषदेची शाळा, आठवीपर्यंत. जिल्हा बुलढाणा, लोणार वीसेक किलोमीटरवर. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी मुलांसोबत पृथ्वी, बुध, मंगळ, चंद्र आणि गुरू-शनीचे बर्फाळ चंद्र आतून कसे आहेत ते दाखवणारे नमुने करायला घेतले. साडेतीन महिने लागले. त्यातला निम्मा वेळ चुका निस्तरण्यात गेला. दुसऱ्या कुठल्या शाळेला हेच करायचं असेल तर आमचे गेलेले दिवस त्यांचे तरी जाऊ नयेत, म्हणून वहीतल्या नोंदी जवळजवळ जशाच्या तशा देते आहे.

11 नोव्हेंबर 2024, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. सातवी-आठवीची मिळून 14 मुलं-मुली तयार झाली.

पहिलं काम मापाचं. 1 सेमी म्हणजे 200 किमी असं ठरवलं. पृथ्वीचा व्यास 64 सेमी येतो, मंगळ 34, गुरूचा चंद्र गॅनिमीड 26, बुध 24, चंद्र 17, गुरूचाच दुसरा चंद्र युरोपा साडेपंधरा. शनीचा एन्सेलाडस जेमतेम अडीच सेमी, म्हणजे आवळ्याएवढा. यापेक्षा मोठं माप घेतलं तर पृथ्वी वर्गाच्या दारातून आत जाणार नाही. आख्खा गोळा न करता अर्धा गोल करायचा आणि सपाट तोंडावर आतले थर दाखवायचे.

गॅनिमीड बुधापेक्षा मोठा आहे हे फळ्यावर दोन वर्तुळं काढल्यावर मुलांना पटलं. चंद्र ग्रहापेक्षा मोठा कसा, यावर मधली सुट्टी संपेपर्यंत वाद चालला.

13 नोव्हेंबर

साच्यासाठी परसबागेत खड्डा खणला. काळी माती ओली करून, मध्ये सळई रोवून, तिच्याभोवती पत्र्याचा अर्धगोल फर्मा फिरवला. पत्रा कापून घेण्याचे 120 रुपये. संध्याकाळी खड्डा एवढा गुळगुळीत झाला होता की मुलांना घरी जावंसं वाटेना.

16 नोव्हेंबर

खड्डा फाटला. बोट आत जाईल अशा पाच भेगा आणि कडेचा आकार वाकडा. काळी माती सुकली की आक्रसते, हे इथल्या प्रत्येक शेतात दर उन्हाळ्यात दिसतं. तरीही माझ्या लक्षात आलं नाही. तीन दिवस गेले.

17 नोव्हेंबर, रविवार

गावातल्या कुंभारकाकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, हे काया मातीचं काम नोहे. मुरमात खड्डा घ्या, वरून शेण-मातीचा हात फिरवा, राख टाका. मंग काय टाकाचं ते टाका."

मी वहीतलं पृथ्वीचं चित्र दाखवलं. वरचं कवच, खाली प्रावरण, मग वितळलेल्या लोखंडाचा बाह्य गाभा आणि मध्ये घट्ट आंतर गाभा. ते बराच वेळ पाहत राहिले. मग विचारलं, "हे आतमंदी जाऊन कोनं पाह्यलं?"

कोणीच नाही, म्हटलं.

"मंग एवढ्या रेघा कशावरून मारल्या?"

मला उत्तर माहीत होतं, पण नमुन्यात ते कुठेच दिसणार नव्हतं. मुलं रंगीत गोल बघतील, नावं पाठ करतील आणि विसरतील. परत येताना ठरवलं की प्रत्येक रेघेवर एक चिठ्ठी लावायची : "कशावरून?" आणि खाली पुरावा. ज्या रेघेचा पुरावा आम्हाला सांगता येणार नाही, ती रेघ मारायची नाही.

18 ते 22 नोव्हेंबर

काम बंद. 20 तारखेला विधानसभेचं मतदान, शाळा मतदान केंद्र, माझी ड्यूटी दुसऱ्या गावी. भिजत घातलेली रद्दी कोणी हलवली नाही, ती आंबली. चार किलो फेकून दिली.

23 नोव्हेंबर

लगद्याची रीत माझ्या सासूबाईंची आहे. पूर्वी त्या कागदाच्या लगद्याची टोपली करायच्या, धान्य ठेवायला. रद्दीचे तुकडे तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग उखळात कांडायचं. रात्रभर भिजवलेली मेथी वाटून त्यात मिसळायची. "मेथी नाही टाकली त किडे लागतीन पोरी, आन् चिकटन बी नाही," त्या म्हणाल्या. मी आधी मेथीऐवजी नुसतं फेव्हिकॉल घालून पाहिलं. सुकल्यावर पापुद्रे सुटले. मेथीचा लगदा घट्ट बसला. शेवटी दोन्ही वापरलं, मेथी जास्त, फेव्हिकॉल थोडं. मेथी सरासरी दहा किलो रद्दीला एक किलो.

30 नोव्हेंबर, शनिवार

आज नमुन्याला हात लावला नाही, पण हा दिवस सगळ्यात कामाचा ठरला.

मुलांना सांगितलं होतं, विहिरीच्या खोदकामातला दगड आणा. रद्दीवाल्याचा लटकता काटा आणला. दगड आधी कोरडा तोलायचा, मग दोरीला बांधून बादलीतल्या पाण्यात बुडवून तोलायचा. वजनात जी घट येते ती दगडाएवढ्या आकाराच्या पाण्याची.

पहिल्या दगडाचा आकडा आला 2.3. मी काळ्या पाषाणाचा 2.9 च्या आसपास धरला होता. दुसऱ्यांदा तोललं, पुन्हा तेच. एका मुलीने दगड उलटा केला तेव्हा कळलं, तो मांजऱ्या होता, सगळा भोकाभोकांचा. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आत अडकले की असा दगड होतो. मग खालच्या थरातला अख्खा काळा पाषाण घेतला. कोरडा 1.740 किलो, पाण्यात 1.140. घट 0.600. म्हणजे पाण्याच्या 2.9 पट जड.

आता फळ्यावर लिहिलं : आख्ख्या पृथ्वीची सरासरी 5.5. हेन्री कॅव्हेंडिश यांनी 1798 साली शिशाच्या गोळ्यांमधलं सूक्ष्म आकर्षण मोजून हा आकडा जवळजवळ बरोबर काढला होता. आमच्या पायाखालचा दगड 2.9 आणि सरासरी 5.5, मग आत काय असलं पाहिजे? "लोखंड," तीन-चार जण एकदम म्हणाले. सांगावं लागलं नाही. गेटवर बसवायचा भरीव लोखंडी गोळा तोलला, 7.8 आला.

मग बाकीचे आकडे लिहिले. बुध 5.4, मंगळ 3.9, चंद्र 3.3, युरोपा 3.0, गॅनिमीड 1.9, एन्सेलाडस 1.6. पाणी 1, दगड 3, लोखंड 8 एवढं धरून मुलांनीच ठरवलं की गॅनिमीडमध्ये पाणी-बर्फ खूप, युरोपात थोडं, बुधात लोखंड फार. गॅनिमीड आकाराने बुधापेक्षा मोठा असूनही वजनाने त्याच्या निम्माही भरत नाही.

ज्यांना मोठे नमुने करायला वेळ नाही त्यांनी एवढं तरी करावं. काटा, बादली, दोरी. खर्च शून्य.

8 डिसेंबर, रविवार

मुरमातल्या खड्ड्यातून पृथ्वी निघाली. राख नीट भुरभुरली होती म्हणून सुटली. लगद्याचा थर अडीच सेमी. सपाट तोंडासाठी गेल्या वर्षीच्या तुराट्या जाळीसारख्या बांधून त्यावर लगदा थापला. वाळायला अकरा दिवस लागले. सकाळी दव पडतं, त्यामुळे रोज संध्याकाळी आत आणि सकाळी दहाला बाहेर काढावं लागलं.

11 डिसेंबर

पृथ्वीच्या रेघा मारल्या. आंतर गाभा मध्यापासून 6.1 सेमी, बाह्य गाभा 17.4 सेमीपर्यंत, बाकी प्रावरण. कवच जमिनीखाली सरासरी 35 किमी, म्हणजे आमच्या मापात पावणेदोन मिलिमीटर. रंगाचे दोन हात दिले की तेवढं होतं.

चिठ्ठ्या अशा :

कवच-प्रावरणाची रेघ. कशावरून? 1909 साली मोहोरोविचिच यांना एकाच भूकंपाच्या लाटा दोनदा आलेल्या दिसल्या, एक वरच्या थरातून हळू आलेली, एक खालून वेगाने आलेली.

बाह्य गाभा. कशावरून? भूकंपाच्या आडव्या हेलकाव्याच्या लाटा द्रवातून जात नाहीत. 2900 किमीखाली त्या थांबतात.

आंतर गाभा. कशावरून? जिथे काहीच पोचायला नको तिथे क्षीण लाटा पोचत होत्या. डेन्मार्कच्या इंगे लेहमन यांनी 1936 साली त्याचा अर्थ लावला.

कुंभारकाका आले होते. लाटांचं ऐकून म्हणाले, "हे त आमचंच काम झालं. मडकं फोडून पाहा लागते काय? टिचकी मारली का समजते, भाजलं का कच्चं." तेव्हापासून मुलं भूकंपमापनाला टिचकी म्हणतात. मीही म्हणते.

मुलांना पृथ्वीवर लोणार दाखवायचं होतं. 1.8 किमीचं विवर, आमच्या मापात मिलिमीटरचा दहावा भागही नाही. केसाएवढं बारीक. ठिपका काढला तर तो खोटा होईल, म्हणून काढला नाही. त्याऐवजी रशियातलं कोला इथलं छिद्र दाखवलं. माणसाने उभं खाली खणलेलं सगळ्यात खोल, 12 किमीहून थोडं जास्त. आमच्या मापात 0.6 मिमी. टाचणीने टोचलं. रंगाच्या थराच्या पार गेलं नाही. मोठी माणसं अजूनही त्या टोचणीपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबतात.

15 डिसेंबर

बुध झाला. त्रिज्या 12.2 सेमी आणि त्यात गाभाच 10 सेमी. मोठ्या कोयीच्या आंब्यासारखा. चंद्र त्याच्या उलट, 8.7 सेमीत गाभा पावणेदोन सेमीच्या आत. चंद्राची चिठ्ठी : अपोलोच्या यात्रींनी ठेवलेले कंपमापक 1977 पर्यंत चालू होते, त्यांच्या नोंदी 2011 साली नव्याने तपासल्या तेव्हा गाभा दिसला. मुलांनी खाली आपल्या चांद्रयान-3 चं लिहिलं. 23 ऑगस्ट 2023 ला उतरलेल्या विक्रमवरही कंपमापक होता. प्रज्ञानने तपासलेली माती, चंद्र सुरुवातीला वितळलेल्या खडकाचा समुद्र होता आणि हलका खडक वर तरंगून कवच झालं, या कल्पनेशी जुळली.

19 डिसेंबर

मंगळाची चूक. पूर्णपणे माझी.

मंगळाचा गाभा मी 1830 किमी त्रिज्येचा धरला, 9.15 सेमी. रंगवून, वॉर्निश मारून झालं. आकडा माझ्या 2021 च्या टिपणवहीतला होता. इनसाइट यान नोव्हेंबर 2018 मध्ये मंगळावर उतरलं, त्याच्या कंपमापकाने चार वर्षांत 1300 हून जास्त मंगळकंप टिपले, आणि त्यावरून 2021 मध्ये हा आकडा आला. चिठ्ठी लिहायला पुन्हा वाचायला बसले तेव्हा दिसलं की 2023 मध्ये तो बदलला. गाभा 1650 ते 1675 किमीच आहे, आणि त्याच्या वर सुमारे 150 किमी जाडीचा वितळलेल्या खडकाचा थर आहे. आधी तो थर गाभ्यातच मोजला गेला होता.

रात्री अकराला हे कळलं. झोप लागली नाही. मुलांनी दोन दिवस बसून वर्तुळ रंगवलं होतं.

20 डिसेंबर

मुलांना सांगितलं. एकाने विचारलं, "मंग पहिले चुकले होते काय ते?" चुकले नव्हते. टिचकी तीच, कान जास्त तयार झाले. 2021 मधल्या आकड्यात गाभा अपेक्षेपेक्षा फार हलका भरत होता, ते खटकत होतं म्हणूनच पुन्हा शोध झाला.

पॉलिश पेपरने 8 मिमीची कडा घासली आणि तिथे केशरी थर दिला. जुनी रेघ मात्र पूर्ण पुसली नाही. पेन्सिलने तुटक ठेवली आणि शेजारी लिहिलं, "2021". हा आमच्या सगळ्या नमुन्यांत मला सगळ्यात प्रिय आहे. रंग आणि वॉर्निश मिळून 110 रुपये वाया.

28 डिसेंबर ते 4 जानेवारी

बर्फाळ चंद्र. बर्फासाठी मेण वापरलं, एक किलो, 160 रुपये. वापरू नका. युरोपाचं बर्फ 20 किमी धरलं तर 1 मिमी थर हवा. मेण तेवढं पातळ ओतताच येत नाही, जिथे ओघळ येतो तिथे 4 मिमी होतं. खिडकीजवळ ठेवलेला तुकडा दुपारच्या उन्हात वाकला. सगळं खरवडलं आणि चुन्याचे दोन हात दिले. त्याखालचं पाणी 5 मिमी निळं, खाली खडक, मध्ये लोखंड.

युरोपाच्या समुद्राची चिठ्ठी लिहिताना मुलं अडली. पाणी तर दिसत नाही. पुरावा चुंबकाचा आहे. गॅलिलिओ यान जवळून गेलं तेव्हा युरोपाचं चुंबकीय क्षेत्र गुरूच्या क्षेत्राबरोबर बदलताना दिसलं, आणि ते बर्फाखाली वीज वाहून नेणारं खारं पाणी असल्यासारखं होतं. बर्फाच्या जाडीचे अंदाज मात्र बरेच वेगवेगळे आहेत, पुष्कळदा 15 ते 25 किमी सांगतात. म्हणून ती रेघ आम्ही खडूने मारली.

एवढ्या दूर, एवढ्या थंडीत पाणी पातळ कसं राहतं, याला बांधायची तार आणली. एकाच जागी पंधरा-वीस वेळा मागेपुढे वाकवून लगेच गालाला लावायची. गुरू युरोपाला साडेतीन दिवसांच्या प्रत्येक फेरीत असंच दाबतो आणि सोडतो.

एन्सेलाडस आवळ्याएवढा झाल्यावर त्यात काहीच दाखवता येईना, म्हणून दुसरा दहापट मोठा केला, 25 सेमीचा. ही दुसरी चूक. शेजारी ठेवल्यावर पाहणाऱ्याला तो युरोपापेक्षा मोठा वाटतो, पाटी कोणी वाचत नाही. शेवटी मोठा एन्सेलाडस वेगळ्या टेबलावर नेला आणि त्याच्यापुढे खरा आवळा ठेवला. त्याच्या दक्षिण ध्रुवावर चार लांब भेगा आहेत, त्यांना वाघाचे पट्टे म्हणतात. कॅसिनी यानाला 2005 मध्ये तिथून पाण्याच्या वाफेचे आणि बर्फकणांचे फवारे उडताना दिसले.

6 जानेवारी 2025

आता उतारावरचे गोळे. बाहेरून सारखे दिसणारे गोळे उतारावरून सोडायचे आणि कोण आधी पोचतो त्यावरून आत काय ते ओळखायचं. वजन मध्याशी गोळा झालेलं असेल तर गोळा गरगरायला सोपा, म्हणून पुढे जातो. कडेला असेल तर मागे राहतो. ग्रहांसाठी याचा एक आकडा काढतात. सगळीकडे सारख्या घट्ट गोळ्याचा 0.4. चंद्राचा 0.39, मंगळाचा 0.36, पृथ्वीचा 0.33, गॅनिमीडचा 0.31. जवळून जाणाऱ्या यानाची वाट ग्रहाच्या ओढीने किती वळते, ग्रहाचा अक्ष कसा डोलतो, यावरून तो काढतात. गॅनिमीडचा एवढा कमी आहे याचा अर्थ त्यात बर्फ वर, खडक खाली आणि लोखंड मध्यात असं अगदी नीट वेगळं झालं आहे.

10 सेमीचा प्लास्टिकचा चेंडू कापून साचा केला. मध्ये नट-बोल्ट तारेने गुंडाळून ठेवले. गोळा सरळ गेलाच नाही, लंगडत कडेला गेला आणि फळीवरून पडला. तोल मध्यात नव्हता.

9 जानेवारी

नट-बोल्टच्या जागी गेटचा भरीव गोळा, 4 सेमी व्यास, 260 ग्रॅम. दोन आणले, 90 रुपये. तो बरोबर मध्यात बसण्यासाठी आधी अर्ध्या साच्यात लगदा भरून, तो अर्धवट सुकल्यावर दुसऱ्या गोळ्याने खळगा दाबून घेतला. हे जमलं.

10 ते 17 जानेवारी

सारख्या वजनाचा, पण आतून एकजीव गोळा हवा म्हणून लगद्यात वाळू मिसळली. ओला असताना वजन जुळतं, वाळल्यावर जुळत नाही. चार गोळे केले. संक्रांतीचा दिवस सोडला तर रोज हेच. शेवटी 506 आणि 511 ग्रॅमवर थांबलो.

18 जानेवारी, शनिवार

फळी आठ फूट, मंडपवाल्याकडून. एका टोकाखाली चार इंच. जास्त चढ दिला तर गोळा गरगरायच्या ऐवजी घसरतो, हे आधी दोन तास घालवून कळलं. दोन मुलांनी हाताने सोडलं की कोणीतरी आधी सोडतो आणि भांडणं होतात, म्हणून गोळ्यांपुढे फूटपट्टी आडवी धरून ती झटकन उचलायची.

लोखंड पोटात असलेला गोळा शेवटी वीतभर पुढे होता. दहापैकी दहा वेळा. मुलं ओरडत होती.

मग एका मुलाने खिशातली काचेची गोटी एकजीव गोळ्याशेजारी ठेवली आणि सोडली. गोटी पाच ग्रॅमची, गोळा पाचशेचा. दोघं जवळजवळ एकदम पोचले. पुन्हा सोडलं. पुन्हा तसंच.

घरी जाऊन मांडून पाहिलं. समीकरणात वजनही कटतं आणि त्रिज्याही कटते. उरतो फक्त आतलं वजन कसं वाटलं आहे त्याचा आकडा. म्हणजे वजन जुळवण्यात घातलेले सात दिवस मुळात नको होते. सोमवारी त्या मुलाला फळ्यापाशी बोलावून वर्गाला हे समजावून सांगायला लावलं.

27 जानेवारी

पोटात पाणी असलेला आणि गोठलेला, असे दोन चेंडू हवे होते. दोन्हीत सुईने पाणी भरून एम-सील लावलं आणि एक किराणा दुकानाच्या फ्रीजरमध्ये ठेवला. सकाळी तो शिवणीवर फाटला होता. बर्फ होताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. अजून दोन चेंडू तसेच गेले. तिसरा फुटेपर्यंत मी थोडं कमी भरू, थोडं कमी भरू, असंच करत राहिले. कमी भरलं तर आत पोकळी राहते आणि गोळा लंगडतो.

उत्तर गोटीनेच दिलं होतं. वजनाचा संबंध नाही, तर गोठलेल्या चंद्राच्या जागी एकजीव गोळा चालतो. बर्फाची गरजच नव्हती.

फुटलेला एक चेंडू ठेवून घेतला. बर्फाखालचा समुद्र वरून गोठत जाताना कवचावर असाच आतून दाब येतो, आणि एन्सेलाडसच्या भेगा त्यातून पडल्या असाव्यात असं एक मत आहे. तो मोठ्या एन्सेलाडसच्या टेबलावर गेला.

1 फेब्रुवारी

पाण्याच्या चेंडूत बुडबुडा राहिला की तो झटके देत जातो. बादलीत बुडवून, पाण्याखालीच भरला तेव्हा बुडबुडा गेला. एकजीव गोळ्याच्या दीड फूट पुढे. "मॅडम, पान्याचा जिंकला!" कारण फिरतं ते फक्त वरचं कवच, आतलं पाणी बरचसं जागच्या जागी राहतं.

घरी उकडलेलं आणि कच्चं अंडं ताटात फिरवून सगळ्यांनी पाहिलं आहे. बुधाचं तसंच झालं. पृथ्वीवरून रडारने त्याच्या फिरण्यातलं बारीक डोलणं मोजलं, ते घट्ट गोळ्यापेक्षा जास्त निघालं, आणि 2007 मध्ये कळलं की गाभ्याचा वरचा भाग तरी वितळलेला आहे. एन्सेलाडसचं 2015 मध्ये. कॅसिनीच्या अनेक वर्षांच्या छायाचित्रांत त्याचं कवच एवढं डोलत होतं की ते खालच्या खडकाला चिकटलेलं असूच शकत नाही, मधे सगळीकडे पाणी आहे. आमची फळी हे मोजत नाही, फक्त आतलं सुटं असलं की बाहेरून कळतं एवढं दाखवते. तसं पाटीवर लिहिलं आहे.

28 फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन. तुरीची कामं संपत आली होती, त्यामुळे माणसं आली. फळीपाशी गर्दी हटेना. पोरांनी गोळ्यांवर नावं लिहिली नव्हती, तीनही एकाच रंगाचे. येणाऱ्याने सोडून पाहायचं आणि पोटात काय ते सांगायचं. सासूबाईंनी लोखंडाचा गोळा पहिल्याच वेळी ओळखला.

कुंभारकाका मंगळापुढे बसले. तुटक रेघेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ही कशावरून? एका मुलीने सगळं सांगितलं, 2021 पासून 2023 पर्यंत, मधे न थांबता. त्यांनी मंगळाला टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "वाळला नाही पुरा. आतमंदी वल हाय."

3 मार्च

खरंच ओल होती. मागून टोचलं तर बोटाला लागली. उन्हात ठेवला आहे.

एकूण खर्च 2500 रुपये. रद्दी 280, मेथी 100, फेव्हिकॉल 480, रंग-ब्रश 740, पत्रा 120, लोखंडी गोळे 90, चेंडू सहा 180, मेण 160, एम-सील 50, रिक्षा 300. यातले मेण, फुटलेले तीन चेंडू, फेकलेली रद्दी आणि मंगळाचा रंग मिळून साडेचारशे चुकांचे.

पुन्हा केलं तर पृथ्वी नोव्हेंबरात नाही, फेब्रुवारीत थापेन, म्हणजे उन्हात चार दिवसांत वाळेल. वजनं जुळवणार नाही. प्रत्येक आकडा रंग लावायच्या आदल्या रात्री पुन्हा तपासेन.

राहिलेली कामं : पृथ्वीच्या मागच्या बाजूची भेग बुजवणं. फळीची उंची कायम करायला खाली विटांऐवजी लाकडी ठोकळा. युरोपाच्या बर्फाची रेघ पुसट झाली होती, ती आज पुन्हा खडूने मारली. युरोपा तपासणारं क्लिपर यान 14 ऑक्टोबर 2024 ला निघालं आहे, 2030 मध्ये गुरूपाशी पोचेल. आता सहावीत असलेली मुलं तेव्हा कॉलेजात असतील. ऑइल पेंटचा निळा डबा अर्धा उरला आहे, झाकण घट्ट लावून कपाटात ठेवला आहे.